व्हॉट्सॲप लॉगिन होत नाही, सपोर्टकडून धड उत्तर नाही : अडतं नेमकं कुठे आणि दाद मागायची कुणाकडे?

नवा फोन घेतला, जुनं सिम त्यात टाकलं, व्हॉट्सॲप डाउनलोड केलं आणि नंबर भरला. आता ६ आकडी कोड येणार आणि आपण आत जाणार, एवढीच अपेक्षा असते. पण कोड येतच नाही. पुन्हा पाठवायला सांगितलं की स्क्रीनवर उलटं घड्याळ सुरू होतं, कधी काही मिनिटांचं तर कधी काही तासांचं. वैतागून मदतीसाठी लिहावं तर उत्तर येतं, 'तुमचा नंबर बरोबर आहे का ते तपासा, इंटरनेट सुरू आहे का ते पाहा.' जे आपण आधीच चार वेळा करून बसलोय, तेच पुन्हा करायचा सल्ला!

तोवर शाळेचा ग्रुप बंद, सोसायटीचा ग्रुप बंद, घरगुती डबे किंवा साड्या विकणाऱ्यांच्या ऑर्डरी बंद. माणूस चिडतो आणि गुगलवर 'व्हॉट्सॲप कस्टमर केअर नंबर' शोधायला लागतो. खरं नुकसान बहुतेकदा इथूनच सुरू होतं, कारण असा फोन नंबर मुळात अस्तित्वातच नाही. त्या नावाखाली जो फोन उचलतो, तो भामटा असतो.

म्हणूनच लॉगिन का अडतं, सपोर्टच्या हातात नेमकं काय असतं आणि काय नसतं, आणि कुठल्या अडचणीसाठी कुणाकडे जायचं, हे शांतपणे समजून घेऊया.

तुमचं खातं म्हणजे तुमचा नंबर

सायबर कॅफेचा जमाना आठवत असेल, तर याहू मेसेंजर, एमएसएन मेसेंजर आणि आपला रेडिफ बोलही आठवत असेल. तिथे आयडी आणि पासवर्ड असायचा. पासवर्ड विसरला की 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?' असा गुप्त प्रश्न यायचा.

लॉगिनचा वैताग तेव्हाही होताच. १९९९ साली आलेल्या एमएसएन मेसेंजरवर '८००४८८२०' असा एरर कोड दिसायचा आणि लोक हैराण व्हायचे. अनेकदा कारण असायचं कॉम्प्युटरचं चुकलेलं घड्याळ! सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र एका ठरावीक तारखेपर्यंत वैध असतं. कॉम्प्युटरची तारीखच चुकलेली असेल, तर त्याला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. पण स्क्रीनवर 'तुमची तारीख चुकली आहे' असं कुणी सांगत नव्हतं. नुसता आकडा दिसायचा.

एमएसएन मेसेंजर २०१३ मध्ये जगाच्या बहुतेक भागांत बंद झाला, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी. तोवर २००९ साली सुरू झालेल्या व्हॉट्सॲपने सगळी पद्धतच बदलून टाकली होती. आयडी नको, पासवर्ड नको, मोबाईल नंबर हीच ओळख. ज्याच्या हातात सिम, त्याचं खातं.

ही सोय इतकी मोठी होती की ज्यांनी आयुष्यात कधी ईमेल उघडला नाही, तेही व्हॉट्सॲपवर आले. पण त्याचबरोबर लॉगिनची किल्ली मेसेजिंग कंपनीकडून अर्धी सिम कंपनीकडे गेली. आजच्या बऱ्याच वैतागाचं मूळ यात आहे. कोड पाठवतो एक, पोचवतो दुसरा आणि आपण तक्रार भलत्याकडेच करत बसतो.

सपोर्टचा माणूस भेटत का नाही?

याचं पहिलं कारण आहे प्रमाण. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याची घोषणा केली, तेव्हा दरमहा ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि कंपनीत कर्मचारी होते सुमारे ५५. फेब्रुवारी २०२० मध्ये वापरकर्त्यांचा आकडा २०० कोटींवर गेला. सेवा फुकट आहे आणि बँकेसारखी शाखा कुठेच नाही. त्यामुळे पहिलं उत्तर यंत्राकडूनच येतं. तक्रारीतले शब्द पाहून ते तयार मजकूर पाठवतं. लिहिताना नेमका शब्द चुकला, तर उत्तरही भलतंच येतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कंपनी तुम्हाला ओळखत नाही. खातं उघडताना तुम्ही आधार दिलेलं नाही, पॅन दिलेलं नाही. अशा वेळी 'हा नंबर माझाच आहे, पिन काढून टाका' असा मेल तुम्ही करता, तेव्हा अगदी तसाच मेल चोरही करू शकतो. दोघांमध्ये फरक करायला सपोर्टकडे साधनच नाही. त्यांनी केवळ विनंतीवरून खाती उघडून द्यायला सुरुवात केली, तर उद्या तुमचंही खातं कुणीतरी गोड बोलून उघडून घेईल.

म्हणूनच अशा ॲप्समध्ये माणसाच्या निर्णयाऐवजी मुदत ठेवलेली असते. व्हॉट्सॲपचा पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल, तर ७ दिवस थांबावं लागतं. टेलिग्रामचा जादाचा पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी ईमेल नसेल, तर खातं रीसेट व्हायला ७ दिवस. सिग्नलचा रजिस्ट्रेशन लॉकही ७ दिवस खातं वापरात नसेल तर सुटतो. खऱ्या मालकाला जाग यावी, त्याने हालचाल करावी, यासाठी ही मुदत असते. या काळात सपोर्टला दहा मेल केले तरी घड्याळ पुढे सरकत नाही.

अर्थात यात कंपन्यांची चूक नाही असं म्हणता येणार नाही. 'हे आमच्या हातात नाही, ७ दिवस थांबा' असं दोन ओळींत सांगता येतं. ते न सांगता पुन्हा नंबर तपासायला लावणं, हा माणसाच्या वेळेचा अपव्ययच आहे.

आधी दुखणं ओळखा

'लॉगिन होत नाही' ही तक्रार एकच वाटते, पण त्याखाली वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा असतो.

१. कोडच येत नाही. आधी एक साधी चाचणी करा. त्याच नंबरवर बँकेचा किंवा दुसऱ्या कुठल्या सेवेचा ओटीपी येतोय का? तोही येत नसेल, तर अडचण सिम कंपनीकडे आहे. फोन हरवल्यावर नवं सिम घेतलं असेल, तर हा नियम लक्षात ठेवा : सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये दिला आहे. दुसऱ्याच कुणी तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी मिळवू नये, म्हणून ही खबरदारी. या काळात व्हॉट्सॲपला कितीही नावं ठेवली तरी एसएमएस येणार नाही. कोड फोन कॉलवरून ऐकण्याचा पर्याय दिसत असेल, तर तो वापरून पाहा.

नंबर भरताना देश भारत निवडा आणि पुढे १० आकडेच भरा, आधी शून्य नको. कोड पुन्हा पुन्हा मागवू नका. त्याने प्रतीक्षेचा वेळ वाढत जातो. दोन-तीन कोड एकदम आले, तर सर्वांत शेवटचाच भरा.

मुलांकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. भारतातल्या सिमवर रोमिंग नसेल, तर तिथे कोड पोचतच नाही. त्यामुळे परदेशात असताना फोन बदलायचा असेल, तर आधी रोमिंग सुरू करून घ्या.

टेलिग्राममध्ये आणखी एक गंमत आहे. तुम्ही दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आधीच लॉगिन असाल, तर कोड एसएमएसने न येता तिथल्या टेलिग्राममध्येच मेसेज म्हणून येतो. लोक मात्र एसएमएसची वाट पाहत बसतात.

२. कोड आला, पण आता पिन मागतोय. हा टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आहे. व्हॉट्सॲपने ही सोय २०१७ मध्ये सगळ्यांसाठी आणली. ईमेल जोडलेला असेल, तर 'पिन विसरलात?' वर जाऊन तो लगेच बदलता येतो. जोडलेला नसेल, तर वर सांगितलेले ७ दिवस.

३. 'हे खातं व्हॉट्सॲप वापरू शकत नाही' असा मजकूर दिसतो. याचा अर्थ खात्यावर बंदी आली आहे. त्याच स्क्रीनवर फेरविचाराची विनंती करण्याचा पर्याय असतो, तो वापरा. घड्याळ दिसत असेल, तर बंदी तात्पुरती आहे. 'जीबी व्हॉट्सॲप'सारखं अनधिकृत ॲप वापरणं, हे अशा बंदीचं एक नेहमीचं कारण आहे. ते काढून अधिकृत ॲप टाका.

४. ॲपच सुरू होत नाही. फोन फार जुना असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या फोनचा आधार व्हॉट्सॲपने काढून घेतला आणि मे २०२५ पासून आयफोनला किमान आयओएस १५.१ लागतं. फोन बरा असेल, तर तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक'वर आहे का ते पाहा. घड्याळ चुकलं की अजूनही जोडणी अडते.

५. मोबाईलवर चालतं, कॉम्प्युटरवर आपोआप लॉगआउट होतं. मुख्य फोनवर १४ दिवसांहून जास्त काळ व्हॉट्सॲप उघडलं नाही, तर जोडलेली उपकरणं बाहेर फेकली जातात. फोनवर ॲप उघडून पुन्हा जोडा.

६. आपण लॉगआउट झालो आणि आपल्या नावाने दुसराच कुणी पैसे मागतोय. इथे सपोर्टची वाट पाहू नका. सिम तुमच्याकडे असेल, तर ताबडतोब स्वतःच्या फोनवर नंबर भरा आणि एसएमएसने आलेला ६ आकडी कोड टाका. त्या क्षणी समोरचा बाहेर पडतो. त्याने तुमच्या खात्यावर स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर तुम्हाला आत जायला ७ दिवस लागतील. पण त्यालाही आत राहता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि घरच्यांना, ग्रुपमधल्या लोकांना फोन करून लगेच सावध करा.

फोन सिमसकट चोरीला गेला असेल, तर आधी सिम कंपनीकडून सिम बंद करून घ्या. मग व्हॉट्सॲपच्या सपोर्टला पूर्ण नंबरासह ईमेल करून खातं निष्क्रिय करायला सांगता येतं. ३० दिवसांच्या आत नव्या सिमवर पुन्हा सुरू केलं नाही, तर मात्र ते खातं कायमचं पुसलं जातं.

७. रिचार्ज न केल्याने नंबर गेला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. ४५ दिवस न वापरलेल्या नंबरावर दुसऱ्या फोनवर नव्याने व्हॉट्सॲप सुरू झालं, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. अशा वेळी 'नंबर माझाच होता' ही तक्रार मेसेजिंग कंपनीकडे चालत नाही. नंबर सोडायचा ठरवला असेल, तर आधी ॲपमधल्या 'नंबर बदला' या सोयीने खातं नव्या नंबरावर हलवा.

तक्रार अशी लिहा की माणसाला वाचावी लागेल

लॉगिन झालेलं नसलं, तरी नंबर भरण्याच्या स्क्रीनवर कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये मदतीचा पर्याय असतो. तिथून लिहिण्याचा फायदा असा की फोनचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती ही माहिती सोबत जाते.

मजकूर थोडक्यात ठेवा. देशाच्या कोडसह पूर्ण नंबर, म्हणजे +९१ आणि पुढे १० आकडे. अडचण एका वाक्यात. स्क्रीनवर दिसलेला मजकूर जसाच्या तसा आणि त्याचा स्क्रीनशॉट. कधीपासून होतंय ती तारीख आणि वेळ. आणि आधी काय काय करून पाहिलं ते. उदाहरणार्थ :

'माझा नंबर +९१ … . सोमवारी सकाळी १० पासून नोंदणीचा कोड एसएमएसने किंवा कॉलवर येत नाही. याच नंबरावर बँकेचे ओटीपी येतात. सिम बदललेलं नाही. ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन रीस्टार्ट केला. स्क्रीनशॉट जोडला आहे.'

'बँकेचे ओटीपी येतात' या एका वाक्याने सिम कंपनीकडे बोट दाखवायची सोय उरत नाही. 'आधीच करून पाहिलं' ही यादी दिली की तेच सल्ले परत येण्याची शक्यता कमी होते. यांत्रिक उत्तर आलं, तर नवी तक्रार न करता त्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे आधीचा संवाद एकाच जागी राहतो.

जो कोड किंवा पिन गुप्त ठेवायचा असतो, तो तक्रारीत कधीही लिहू नका.

कायदा काय म्हणतो?

भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी काही जबाबदाऱ्या टाकल्या. भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार आल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि मूळ नियमांनुसार १५ दिवसांत ती निकाली काढायची. या अधिकाऱ्याकडे कसं पोचायचं, हे प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर द्यावं लागतं. सपोर्टकडून दाद मिळाली नाही, तर पुढची पायरी हीच आहे.

तिथेही समाधान झालं नाही, तर तक्रार अपील समिती आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमांत बदल करून ही सोय आणली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा ३ समित्या नेमल्या. अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत तिच्याकडे ऑनलाइन अपील करता येतं. खात्यावर चुकीची बंदी आली असेल, तर हा मार्ग विशेष उपयोगी आहे. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे मेल, तारखा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

याच नियमांमुळे व्हॉट्सॲप दर महिन्याला भारतासाठी अहवाल काढतं. त्यात तक्रारींची विभागणी असते : खात्याबाबत मदत, बंदीविरुद्ध अपील, सुरक्षा वगैरे. बातम्यांत येतं की इतक्या तक्रारी आल्या आणि कारवाई मात्र मोजक्याच खात्यांवर झाली. पण त्या अहवालात 'कारवाई' म्हणजे खातं बंद करणं किंवा बंद केलेलं खातं पुन्हा सुरू करणं. तुमचा पिन अडकला होता आणि उत्तर वाचून तो सुटला, तर ते 'कारवाई'त मोजलं जात नाही. त्यामुळे त्या आकड्यावरून लॉगिनच्या किती तक्रारी सुटल्या, हे काही केल्या कळत नाही.

कोड पोचण्याची अडचण सिम कंपनीची असेल, तर १९८ या क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मेसेजिंग कंपनीचा तक्रार अधिकारी त्यात काही करू शकत नाही.

अडलेल्या माणसाला गाठणारे

लॉगिन अडलेला माणूस घाईत असतो, चिडलेला असतो आणि कुणीतरी माणूस बोलावा एवढीच त्याची इच्छा असते. भामट्यांना नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. शोधात वर दिसणाऱ्या खोट्या 'हेल्पलाइन'वर फोन केला की पलीकडचा अतिशय अदबीने बोलतो आणि मग एकेक मागणी करतो.

स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. ६ आकडी कोड सांगायला सांगितलं, तर फोन ठेवा. 'दुरुस्तीसाठी' तारांकित काही नंबर डायल करायला सांगितला, तर त्याने कॉल फॉरवर्डिंग सुरू होऊ शकतं आणि कॉलवर येणारा तुमचा कोड परस्पर त्याच्याकडे जातो. याच प्रकारांमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# डायल करून चालणारी कॉल फॉरवर्डिंगची सोय थांबवायला सांगितली होती. चुकून असं काही डायल केलं असेल, तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये कुणी सांगितलेला कोड टाकणं, हाही तसाच सापळा आहे. त्याने समोरच्याचं उपकरण तुमच्या खात्याला जोडलं जातं.

पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आजच करून ठेवायच्या गोष्टी

लॉगिन अडल्यावर सपोर्ट फारसं काही करू शकत नाही, हे एकदा कळलं की तयारी आधीच करावी लागते हेही कळतं. १० मिनिटांचं काम आहे.

- व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट'मध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि पिन विसरण्याच्या वेळेसाठी ईमेल जोडा. हा ईमेल चालू आहे ना आणि त्याचा पासवर्ड आठवतो ना, हेही पाहा.
- पासकीचा पर्याय असेल तर तो सुरू करा. अँड्रॉइडवर २०२३ पासून आणि आयफोनवर २०२४ पासून ही सोय आहे.
- चॅटचा बॅकअप तपासा. लॉगिन झालं म्हणजे जुने मेसेज येतीलच असं नाही. पोचलेले मेसेज कंपनी स्वतःकडे साठवून ठेवत नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली हरवली, तर ती कंपनीलाही देता येत नाही.
- 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी महिन्यातून एकदा पाहा. अनोळखी उपकरण दिसलं तर लॉगआउट करा.
- जुना फोन विकण्याआधी नव्या फोनवर लॉगिन पूर्ण झालंय याची खात्री करा.
- घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये कोणता ईमेल जोडला आहे, ते वहीत लिहून ठेवा. बऱ्याच घरांत तो ईमेल मोबाईलच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी बनवून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. पिन अडकल्यावर नेमका तोच लागतो. त्यामुळे हा लेख वाचून एकच काम करणार असाल, तर आई-बाबांचा फोन हातात घ्या आणि हे आधी तपासा.